एकतीस अंकी कुलूप

साहेबांनी पडद्यावरच्या संख्येचं वर्गमूळ काढलं ते निव्वळ सवयीने. नवं कुलूप तयार झालं की आधी ही सोपी परीक्षा घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. उत्तरामागे दशांशांचं शेपूट लांबत गेलं की ते निवांत चहाकडे वळत. आज शेपूट आलंच नाही. एकतीस अंकी संख्या पूर्ण वर्ग निघाली.

टेबलापलीकडे नवऱ्याशेजारी बसलेली बाई पडद्याकडे वाकली.

शहरभरच्या पाण्याच्या झडपा या एका संख्येच्या जोरावर सुरक्षित राहायच्या. दोघांनी दोन खोल्यांत बसून एकेक मोठी मूळ संख्या निवडायची, यंत्राने त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार साऱ्या जगाने पाहिला तरी चालेल, पण तो कोणत्या दोन संख्यांचा, हे शोधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायला हवेत. हे काम साहेबांनी मुद्दाम तिला आणि तिच्या नवऱ्याला दिलं होतं. बाळ गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. यांच्यात संगनमत व्हायचं नाही, असा साहेबांचा हिशोब.

"म्हणजे दोघांनी एकच संख्या दिलीत," साहेब म्हणाले. "घरी ठरवलं होतं का?"

"घरी आम्ही बोलत नाही," नवरा म्हणाला.

ती पडद्यावरच्या वर्गमुळाकडे बघत राहिली. जन्मतारीख, वेळ, वजन. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर होते त्याच क्रमाने सोळा अंक. पुढची पहिली मूळ संख्या गाठायला थोडं सरकावं लागलं, त्यात वजन काही ग्रॅमनी वाढलं होतं. तेवढंच बाळसं, असं तिला त्या खोलीत एकटीला वाटून गेलं होतं. जन्मतारीख वापरायची नाही, हा इथला पहिला नियम. तो तिने मोडला होता. पण यानेही? ज्याने आठवड्याच्या आत पाळणा देऊन टाकला, डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही, ज्याला सोडून ती उद्या बहिणीकडे कायमची राहायला जाणार होती, त्याला वजनसुद्धा पाठ होतं. इतके दिवस तिने त्याला दगड ठरवलं होतं.

नवरा खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळला.

"तुला मिनिटं पण आठवतात?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

साहेबांना त्या अंकांत अंकच दिसत होते. "नशीब, संख्या अजून या खोलीबाहेर गेलेली नाही. कुणीतरी एकाने आपली बदला, म्हणजे झालं. कोण बदलतंय?"

"मी नाही," ती म्हणाली.

"मीही नाही," तो म्हणाला.