ब्रेटला लिहिलेलं पत्र

बस इथं, एक सांगतो. मी क्लाइव्ह. ऑस्ट्रेलियात, बर्क गावाच्या पार पलीकडं जन्मभर मेंढ्या कातरल्या, शाळेशी फारसा संबंध नाही. बायको वारली तेव्हा मी लांबच्या एका कातरणीच्या शेडवर होतो. निरोप मिळूनही हंगाम संपल्यावरच घरी आलो. पोरगा ब्रेट तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

त्याला पत्र लिहायचं होतं, पण मनातलं लिहिता कुठं येतं? पंधरवड्यानं गावात लायब्ररीची गाडी येते. तिच्यात पुस्तकं देणारी कोरली म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, नुसती गोष्ट वाचू नकोस. गळा दाटला की थांब, मागं जा आणि लिहिणाऱ्यानं काय केलंय ते बघ."

दोन वर्षं वही शेजारी ठेवून वाचलं. कळलं ते एवढंच, की चांगला लिहिणारा दुःखाचं नाव काढत नाही. दाराशी पडलेले बूट दाखवतो नि गप्प बसतो.

मीही तसंच लिहिलं. दोरीवर राहिलेला तिचा एप्रन, उचलताना एक खांदा कमी पडलेली तिची शवपेटी. कोरलीनं वाचून चष्मा पुसला. "मेल्या, रडवलंस की."

ब्रेटचं उत्तर आलं. "बाबा, पत्र फार छान आहे. तीनदा वाचलं. माफी कुठंच सापडली नाही."

कुत्र्याला खायला घातलं, नवा कागद घेतला. 'माझं चुकलं' एवढंच लिहायचंय, पण हात चालत नाही. माझं लिहून होईपर्यंत तू तेवढा इथंच बस, उठू नकोस.