भोंगा

मुलींच्या निरीक्षणगृहातल्या माझ्या वर्गात टॅब नऊ होते, मुली नऊ आणि टॅबसमोर टिकणाऱ्या आठ. नववी जयमाला. तिच्या दहावीच्या गणिताला तीन आठवडे उरले होते. पास झाली तरच आयटीआयला प्रवेश होता.

मी तिच्याशेजारी बसून पाहिलं. उत्तर चुकलं की टॅबमधून भोंगा वाजायचा आणि ती ताडकन उभी राहायची. तीन चुका, तीनदा उभी.

"ताई, हजेरीचा भोंगाही असाच वाजतो," ती म्हणाली. "वाजला की उठायचंच. मग गणित कुठलं आठवतंय!"

"मग चुकल्यावर काय वाजवू?"

"तिचाच आवाज घाला, फाटक्या ढोलासारखा!" मागून एकजण ओरडली.

जयमालाने टॅब तोंडाशी धरला. "अगं येडे, घाई कशाची? बस, परत बघ!" भोंगा काढून मी तेच टाकलं.

त्या दुपारी तो आवाज एकतीस वेळा वाजला. सगळ्या हसल्या, तीही हसली, पण उठली एकदाही नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळीस गणितांत तो दोनदाच वाजला.

निकालाच्या दिवशी ती टॅब माझ्या हातात देईना. तिने स्वतःच वाचलं, "गणित, शंभरपैकी चौसष्ट."