टोपीची टाळू

मावशी विणलेल्या टोपीचा वरचा भाग नेहमी गुडघ्यावर चढवूनच मिटवायची. "लोक गुडघ्याला बाशिंग बांधतात, आमच्या मावशीचा गुडघा टोपी घालतो," असं भाची चिडवायची. आजची टोपी तिच्याच होणाऱ्या बाळाची होती, आणि भाची सकाळपासून दवाखान्यात होती.

दोन-दोन टाके एकत्र घेत तिने टोपी निमुळती केली. उरलेल्या टाक्यांतून मावशीने लोकर ओवली. आता टोक आत घालून ओढलं, की भोक मिटणार होतं. सवयीने तिने तिथे बोट टेकवलं. बोटाखाली काहीतरी हललं, तान्ह्या बाळाची टाळू उडते तसं.

गुडघ्याचीच शीर उडत असेल म्हणून तिने टोपी काढून उशीवर ठेवली. रिकामी टोपी चपटी झाली नाही. गोल, भरल्यासारखी राहिली. वरची लोकर उडतच होती.

आतल्या खोलीत फोन वाजला. भाचीच्या आईने घेतला.

"बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत म्हणजे काय, डॉक्टर?"

मावशीने टोपीवर तळहात ठेवला. टोपी उबदार होती, पण ओवलेली लोकर हळूहळू भोकातून आत सरकत होती. तिने टोक घट्ट धरलं.

आतून कुणीतरी ते ओढत होतं.