घरगुती चहा

परराष्ट्र खात्यातला रविकांत चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचाच होता. नव्या परदेशी राजदूत बाईंना आपल्या गावची, चारठाण्याची जुनी मंदिरं दाखवून त्याने अनौपचारिक भेट म्हणून घरी चहाला आणलं. आईच्या, झुंबरबाईंच्या, तोंडून एक शब्द वावगा गेला असता, तर दोन वर्षांची व्यापाराची बोलणी पाण्यात जाणार होती.

झुंबरबाईंनी पोहे पुढे केले. "शिकली किती, इचार. भाऊ किती? सैपाक येतो का?"

रविकांत घामाघूम होऊन भाषांतर करत राहिला. राजदूत बाईंनी हसतहसत सगळं सांगितलं, वर पोहे दोनदा घेतले. त्या गाडीत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

आईने त्याला बाजूला घेतलं.



"पोरगी लय गुणाची हाय रे, पण न्हाई जमायचं. तीन-तीन सालाला मुलूख बदलणाऱ्या माणसाचा कधी संसार होतो का?"