आणखी एक फेरी

चिमणी आज पहिल्यांदाच एकटीने विमान उडवत होती. विमानाने जमीन सोडली न सोडली, तोच त्याचं डावं चाक निखळलं आणि घरंगळत जाऊन गवतात पडलं. तिला ते कळलंच नाही. खाली उभ्या असलेल्या तिच्या सरांनी मात्र ते पाहिलं.

त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला. "झकास उडालीस. लगेच उतरू नकोस, आणखी तीन-चार फेऱ्या मार."

"सर, एकच ठरली होती ना?"

"हात चांगला बसलाय तुझा. मार."

शेजारी चिमणीची आई मोबाइल आभाळाकडे धरून व्हिडिओ काढत होती. "एकीच्या चार फेऱ्या दिल्यात, म्हणजे पोरगी हुशारच म्हणायची," ती हसून म्हणाली. सरांनी बाजूला होऊन मदतीसाठी फोन लावला. टाकीतलं इंधन कमी होऊ दे, मदत येऊन पोहोचू दे, मग हळूच सांगू, असं ते मनाला बजावत होते.

चौथ्या फेरीला वायरलेस खरखरला.

 

"सर, धावपट्टीच्या कडेला आगीचा बंब आणि रुग्णवाहिका येऊन थांबल्यात. कुणाचं विमान उतरतंय?"