पडका कान

एकोणीसशे सहासष्ट सालची गोष्ट. युद्ध संपून एकवीस वर्षं झाली होती आणि कानपड्याचा पितळी पुतळा हमरस्त्याच्या कडेला बसून होता. पलटणीचा हा कुत्रा वर्तमानपत्रांमुळे घरोघरी लाडका झालेला. त्याचा डावा कान कायम पडलेला असे. धन्याची चाहूल लागली की तेवढा ताठ उभा राही. युद्धावरून कुत्रा परतला, धनी नाही.

धन्याची बायको समोरच्याच घरात एकटी राहायची. दर रविवारी ती राखेने पुतळा घासायची. ट्रकवाले शकुन म्हणून तो पडका कान चोळत, म्हणून कान सोन्यासारखा चकचकीत.

त्या दुपारी तिने सवयीने कानाकडे हात नेला आणि तो रिकामाच गेला. कान उभा होता, लांब रस्त्याकडे वळलेला.

"वन्सं, जरा बाहेर या!"

शेजारची नणंद ओले हात पुसत आली. "अगं बाई! कुणी मेल्याने वाकवला?"

"पितळ आहे. वाकवायला मेणाचं का आहे?"

"मावशी, सकाळी मीच चोळला की," तिथे थांबलेला ट्रकवाला म्हणाला. "पडलेलाच होता."

तिघंही रस्त्याकडे बघत राहिली. लांबवर चिटपाखरू नव्हतं.

"दादा आला का गं?" नणंदेने हळूच विचारलं.

घरात जाऊन धन्याच्या बायकोने केस विंचरले आणि दार सताड उघडं ठेवलं. संध्याकाळी ते आतून लागलं.

ट्रकवाल्याने रस्ता बदलला. नणंद मुलाकडे गेली ती गेलीच. धन्याची बायको पुतळा घासायला पुन्हा बाहेर आली नाही. पुतळा काळा पडला.

कान अजून उभाच आहे. फक्त आता तो रस्त्याकडे नाही, तिच्या दाराकडे वळलेला आहे.