उन्हासाठी बांधलेलं घर

“त्याला काही बोलू नकोस गं. उन्हात हाडं भाजून आलाय तो,” सासूबाई म्हणाल्या होत्या. नव्या घरात पाऊल टाकताच सुनेला हुडहुडी भरली, तेव्हा.

त्या सुनेची आता म्हातारी झाली होती. घर तसंच होतं. दारं उंच, खिडक्या उंच, छत त्याहून उंच. खिडक्यांना काचा नाहीत, नुसत्या तिरप्या फळ्या. वारा खेळता राहावा म्हणून. तिच्या म्हाताऱ्याने परदेशातल्या रणरणत्या उन्हात ज्या मालकांकडे तारुण्य घालवलं, त्यांची घरं अशी होती. तसंच त्याने गावी येऊन बांधलं. आणि गावात ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, टेकायच्या आत निघायचं. अंगणात त्याने लावलेली तिकडची झाडंही गारठायची. दर हिवाळ्यात म्हातारी त्यांना गोणपाट गुंडाळायची आणि स्वतः शालीवर शाल.

यंदा डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि लेकीला बजावलं, “या गारठ्यात आणखी एक हिवाळा निघायचा नाही.” लेकीने काचा बसवायला सुतार बोलावला. म्हाताऱ्याला मात्र धुळीचं कारण सांगितलं. आईने तशी शपथच घातली होती.

सुतार माप घेत होता, तोच जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी वारसा खात्याचे साहेब आले. खोल्याखोल्यांतून फिरले, फळ्यांवरून हात फिरवला. “असं घर आता शोधून सापडत नाही, आजोबा!”

म्हातारा खुर्चीत ताठ बसला.

“पण काचा कशाला, आजी? घराचा काही त्रास?”

लेकीने आईकडे पाहिलं. सुताराची टेप हवेतच थांबली. म्हातारीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“धूळ येते थोडी.”

“आई!”

“मग फडकं मारा की,” साहेब हसले. “धुळीपायी परवानगी कोण देणार? आता या घराची एक फळीही हलवायची नाही.” चौकटीवर पितळी पाटी ठोकून घेऊन ते निघाले.

“घर जपा,” सुतार टेप गुंडाळत पुटपुटला. “माणसं काय, पुन्हा उगवतात.”

गाडी वळणाआड गेली. लेक पाय आपटत आत गेली. म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत म्हातारा नुसता तळवे चोळत राहिला.

“मला वाटलं, आज तरी सांगशील.”

“काय?”

“इथं थंडी सोसत नाही म्हणून.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “मग मलाही म्हणता आलं असतं.”